धर्मानंद कोसंबी : सात वर्षांची भ्रमंती

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे मराठीतील एक महत्त्वाचे आत्मचरित्र होय. ते वाचायला घेण्यापूर्वी त्यांच्या तरुणपणातील भ्रमंतीचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल. बौद्ध धर्माचे आणि पालि भाषेचे व्यासंगी म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु हा व्यासंग त्यांना कोणत्या मार्गाने आणि कोणत्या किमतीने प्राप्त झाला, हे आपण येथे पाहणार आहोत.

धर्मानंदांचा जन्म 1876 साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या काळी पोर्तुगीजांची सत्ता होती. मराठी शाळेतील काही इयत्तांपलीकडे त्यांचे शिक्षण जाऊ शकले नाही. नारळीच्या बागायतीची देखरेख, लहान वयात झालेले लग्न आणि हाताला येईल ते मराठी पुस्तक वाचण्याचा नाद, एवढेच त्यांचे विश्व होते. 1897 साली ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना एकच ध्यास लागला: बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा. पुढच्याच वर्षी त्यांचे वडील वारले. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले, तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक होती.

येथे क्षणभर थांबा. संसार सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकाला हा निर्णय खटकणे स्वाभाविक आहे, आणि तो खटकावाच. बुद्धाच्या गृहत्यागाशी त्याची तुलना करून तो उदात्त ठरवणे सोपे आहे. मात्र धर्मानंदांच्या ज्ञानाचा भार बाळाबाईंनीही वाहिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये.

धर्मानंद प्रथम पुण्यास आले. तेथे त्यांची डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी गाठ पडली. संस्कृत आल्यावाचून पुढचा मार्ग खुला होणार नव्हता. म्हणून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रातील जेवणावर राहून शास्त्री-पंडितांकडे अध्ययन करू लागले. पैसा नाही, ओळख नाही, अशा स्थितीत परक्यांनी वाढलेले अन्न हाच त्यांचा आधार होता. 1902 साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या त्या देशात बौद्ध धर्म जिवंत सापडेल ही त्यांची अपेक्षा होती; प्रत्यक्षात तेथील स्थिती पाहून त्यांची घोर निराशा झाली. पुस्तकात वाचलेला धर्म आणि लोकांच्या आचरणातला धर्म यांतील अंतर त्यांना तेथे दिसले. पुढील आयुष्यात कोणतीही परंपरा केवळ प्राचीन म्हणून त्यांनी स्वीकारली नाही. या दृष्टीचे मूळ काठमांडूच्या निराशेत शोधावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नेपाळहून ते बुद्धगयेस आणि तेथून त्याच वर्षी सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालिचे अध्ययन केले व श्रामणेर दीक्षा घेतली. त्यानंतर मद्रास, ब्रह्मदेश आणि उत्तर भारतातील बौद्ध तीर्थक्षेत्रे असा त्यांचा प्रवास झाला. भाषा बदलल्या, अन्न बदलले, प्रकृतीने अनेकदा साथ सोडली. ग्रंथ मात्र सुटले नाहीत.

1906 साली ते कलकत्त्यास आले. स्वदेशीच्या चळवळीमुळे तेथे राष्ट्रीय शिक्षणाची लाट होती. भिक्षुवेष उतरवून ते पालिचे अध्यापन करू लागले आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात घरी परतले. जे ज्ञान मिळवण्यासाठी आपण घर सोडले, ते आपल्या भाषेच्या लोकांना द्यावयास हवे, ही जाणीव आता त्यांच्या मनात पक्की झाली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट अशी की, महाराष्ट्रात राहावे आणि मराठीत ग्रंथ लिहावेत. कलकत्त्यास याहून पुष्कळ अधिक वेतन मिळण्यासारखे होते. तरीही धर्मानंदांनी 50 रुपये पत्करले. बौद्ध विचार सामान्य मराठी वाचकाला कळेल अशा सुबोध भाषेत मांडणारे त्यांचे ग्रंथ पुढील काळात सिद्ध झाले. 1912 पासून काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवली.

‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले आणि ते 1910 साली प्रथम तेथे गेले. 1918 साली दुसऱ्यांदा निघाले तेव्हा मात्र ते एकटे नव्हते. पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून कीर्ती मिळवणारा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. आणि जिला पाळण्यात ठेवून त्यांनी गोवा सोडला होता, ती माणिकही होती. ती तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली.