मागच्या चाकांवरचा भार

बैलगाडीत माल भरणारा जाणता गाडीवान ओझे नुसते चढवीत नाही. ते कोठे ठेवायचे याचा तो आधी विचार करतो. भार पुढे झाला तर गाडी धुरजड होते व बैलांच्या मानेवर येते. मागे झाला तर ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. मोटारीला जू नसल्यामुळे तिचा उलाळपणा ती उभी असताना कळत नाही. तो कळतो वळणावर, आणि तोही वेग असेल तर. यंत्राचा भार कोणत्या चाकांवर टाकायचा आणि जमिनीला टेकलेल्या चार रबरी ठशांनी तो पेलायचा कसा, हा प्रश्न डॉ. फर्डिनांड पोर्शे यांच्या कारकिर्दीत पुन:पुन्हा उभा राहिला. वेगवान मोटारींचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद का असतात, हे समजून घ्यायचे तर या माणसाच्या चरित्रात डोकावावे लागते.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी उत्तर बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन हे पत्राकाम करणारे कारागीर. मुलाने तोच धंदा पुढे चालवावा ही त्यांची अपेक्षा. पण मुलाला विजेचे वेड. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचे आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्गच्या तंत्रशाळेत जाऊन बसायचे, एवढेच त्यांचे रीतसर शिक्षण. नावामागील डॉक्टर ही उपाधी पुढे विद्यापीठांनी सन्मानार्थ दिलेली आहे. १८९३ मध्ये ते व्हिएन्नाला एका विद्युत कारखान्यात नोकरीला लागले आणि काही वर्षांतच घोडागाड्या बनविणाऱ्या लोनर या प्रसिद्ध घराण्याकडे गेले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या लोनर-पोर्शे या विजेवरील गाडीने त्यांचे नाव युरोपभर झाले. तिच्या पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी बसविल्या होत्या. साखळी नाही, दंतचक्रे नाहीत. कल्पना देखणीच होती. परंतु मोटरचे सारे वजन चाकातच असल्याने ते स्प्रिंगांच्या वर न राहता खाली राहिले, आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का सरळ टायरवर आला. त्यात बॅटऱ्यांचे ओझे. ल्यूटनच्या हार्ट नावाच्या एका इंग्रज ग्राहकासाठी चारही चाकांत मोटरी असलेली गाडी बनविली, तेव्हा तिच्या एकट्या बॅटरीचे वजन १८०० किलो भरले. विशीतल्या पोर्शे यांना भाराचा पहिला धडा येथे मिळाला असावा.

पुढची वर्षे यशाची आहेत, पण ती थोडक्यात सांगून चालेल. १९०६ मध्ये ऑस्ट्रो-डाइम्लरचे मुख्य अभिकल्पक, १९१० च्या प्रिन्स हाइनरिख स्पर्धेत स्वत: गाडी हाकून मिळविलेला विजय, १९२३ पासून श्टुटगार्ट येथे डाइम्लरचे तांत्रिक संचालक. स्वभाव तापट आणि खर्चाची पर्वा न करणारा. त्यामुळे संचालक मंडळांशी त्यांचे फारसे कोठे जमले नाही. शेवटी १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वत:चे अभिकल्प कार्यालय काढले. जावई अँटोन पिएख आणि अडोल्फ रोझेनबर्गर हे त्यात भागीदार होते.

रोझेनबर्गर हे नाव या कथेत महत्त्वाचे आहे. ते नुसते पैसा घालणारे भागीदार नव्हते, नावाजलेले शर्यतपटू होते. आणि चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली बेन्झची थेंबाच्या आकाराची शर्यतीची मोटार त्यांनी प्रत्यक्ष चालविली होती. ज्या काळात इंजिन पुढेच असते असे सारे जग मानत होते, त्या काळात हा अनुभव असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

१९३४ पासून ग्रां प्री शर्यतींना नवा नियम लागू झाला. मोटारीचे वजन ७५० किलोपेक्षा अधिक असता कामा नये. मात्र त्यात चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर यांचे वजन धरायचे नाही. टायर मोजायचेच नसल्याने ते मोठे घेतले तरी काट्यावर काही बिघडत नव्हते. पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी जी मोटार काढली तिच्यात सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या मागे होते. इंधनाची टाकी चालक व इंजिन यांच्या मध्ये ठेवली होती, म्हणजे शर्यतीत इंधन संपत गेले तरी पुढचा-मागचा तोल फारसा ढळू नये. मागचे टायर पुढच्यांपेक्षा उघडपणे मोठे व रुंद होते. घाटरस्त्यांवरील चढणीच्या शर्यतींत तर मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडून लावीत. १९३६ पर्यंत इंजिनाची शक्ती ५२० अश्वशक्तीवर पोहोचली, आणि एवढी शक्ती त्या काळच्या अरुंद टायरांना झेपत नसे. सरळ रस्त्यावर भर वेगातही मागची चाके जागच्या जागी फिरू लागत.

वळणावरचे संकट निराळे होते आणि ते साध्या शब्दांत सांगता येते. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. थोडी मागेच राहते. ज्या आसावर भार जास्त, त्याला वळणावर बाजूचा रेटाही जास्त सोसावा लागतो. चारही टायर सारखे असतील तर भारलेला मागचा भाग आधी घसरतो आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. शिवाय पोर्शे यांनी मागे झुलते अर्धे आस वापरले होते. वळणात गाडीचे अंग वर उचलले गेले की चाके आतल्या अंगाला दुमडत आणि टायर कडेवर येई. ही मोटार काबूत ठेवणारे चालक मोजकेच निघाले. त्यांतला सर्वश्रेष्ठ बेर्न्ड रोझेमायर हा मोटारसायकलच्या शर्यतींतून आला होता. १९३६ मध्ये तो युरोपचा विजेता ठरला. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना त्याचा मृत्यू झाला.

याच वर्षांत पोर्शे यांच्या हातून लोकांची मोटार, म्हणजे फोक्सवागन, आकाराला आली. इंजिन येथेही मागेच, मागच्या आसाच्याही पलीकडे. मात्र स्वस्त गाडीला दोन मापांचे टायर परवडणारे नव्हते. जादा चाक एकच, ते कोठेही बसले पाहिजे. म्हणून चारही टायर एका मापाचे ठेवले आणि तोल साधला तो हवेच्या दाबाने: पुढे कमी, मागे जास्त. पुढचे टायर थोडे मऊ राहिले की तेही वळणावर थोडे सरकतात आणि मागच्यांशी मेळ बसतो. ज्या पंपवाल्याने चारही चाकांत सारखी हवा भरली, त्याने नकळत गाडीचा स्वभाव बदलला.

या मोटारीचा आश्रयदाता हिटलर होता, हे वगळून पोर्शे यांचे चरित्र लिहिता येत नाही. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले. युद्धकाळात फोक्सवागनच्या कारखान्यात वेठबिगारांना व छळछावणीतील कैद्यांना राबविले गेले आणि पोर्शे त्या कारखान्याच्या व्यवस्थापनात होते. ते राजकारणापासून अलिप्त, केवळ यंत्रात रमणारे होते असे चित्र पुष्कळ रंगविले गेले. ते पटत नाही. रोझेनबर्गर यांचे काय झाले एवढे पाहिले तरी पुरे. ते ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा कमी किमतीत काढून घेण्यात आला, त्याच वर्षी त्यांना अटक होऊन किस्लाऊच्या छावणीत टाकले गेले, आणि सुटकेनंतर त्यांना देश सोडावा लागला. मागच्या इंजिनाच्या इतिहासातून त्यांचे नाव कित्येक दशके गायब होते.

युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. सुमारे वीस महिन्यांच्या बंदिवासानंतर जामिनावर ते सुटले तेव्हा वय सत्तरीच्या पुढे गेले होते आणि प्रकृती खालावली होती. दरम्यान मुलगा फेरी याने ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड गिरणीत, ३५६ या क्रीडामोटारीची जुळणी चालविली होती. जून १९४८ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या नमुन्यात इंजिन मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे तोलाच्या दृष्टीने योग्य जागी होते. परंतु त्यामुळे सामानाला व मागच्या बैठकीला जागा उरेना. नंतरच्या गाड्यांत ते आसाच्या मागे गेले, फोक्सवागनसारखेच. ही तडजोड घराण्याला पुढे दीर्घकाळ पुरली. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये पोर्शे यांचे निधन झाले.

१९६३ मध्ये नातू फर्डिनांड अलेक्झांडर याने रेखलेली नवी मोटार, जी ९११ म्हणून ओळखली जाऊ लागली, तीही उलाळच निघाली. चारही टायर १६५ मिलिमीटर रुंदीचे होते. शेपूट आवरण्यासाठी काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत ११-११ किलोचे लोखंडी ठोकळे बसविण्यात आले. ज्या कारखान्यात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब होत असे तेथे हा उपाय किती जिव्हारी लागला असेल! १९६९ च्या मालिकेत दोन्ही आसांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढविले आणि ठोकळे गेले.

खरे उत्तर ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या कॅरेरा आरएस २.७ या मोटारीने दिले. तिची पुढची चाके सहा इंच रुंद, मागची सात. पुढे १८५/७० व्हीआर १५ आणि मागे २१५/६० व्हीआर १५ मापाचे टायर. या आकड्यांत पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारा. शेवटचा चाकाचा व्यास, इंचांत. १८५ चे ७० टक्के म्हणजे १२९.५ आणि २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर. मागचा टायर तीस मिलिमीटरने रुंद, पण दोन्हींचा एकूण व्यास सुमारे ६४० मिलिमीटर! रुंदी वाढविली तितकी टक्केवारी उतरविली. त्यामुळे गिअरचे प्रमाण व वेगमापक बिघडले नाहीत आणि मागचा भार अधिक रुंद टायरवर पसरला. जादा चाक कोठेही बसावे हा लोकांच्या मोटारीचा दंडक मात्र येथे संपला. पुढची आणि मागची चाके आता आपसांत बदलता येत नव्हती.

नंतर १६ इंची चाके आली, तेव्हाही हाच हिशेब चालला. पुढे २०५/५५, मागे २२५/५०. व्यास अनुक्रमे ६३२ आणि ६३१ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम सव्वा टक्का कमी. मोठी चाके बसविण्याची हौस असलेले अनेक जण नेमके येथे चुकतात. देखणेपणासाठी ते मागे रुंद टायर घालतात आणि टक्केवारी तीच ठेवतात. मग मागचा व्यास वाढतो, आणि चाकांच्या वेगाची तुलना करून ब्रेक सांभाळणाऱ्या आजच्या यंत्रणा गोंधळू शकतात. ज्यांच्या गाडीत इंजिन पुढे आहे, त्यांनी केवळ मागची रुंदी वाढविली तर गाडी वळायलाच कुरकुर करते, कारण तेथे भार मुळात पुढच्या चाकांवर असतो.