सायकल डीलर ते नांगराचा कारखाना: लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या मोताळ्यात किर्लोस्कर म्हटलं की आधी विहिरीवरचा पंप आठवतो. पण या उद्योगाची सुरुवात पंपाने झाली नाही, सायकल विकण्यापासून झाली. आज छोट्या ऑफ-रोड बाईकचा डीलर जे काम करतो, ते काम लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा १८८८ मध्ये बेळगावात करत होते. म्हणून आज त्यांची गोष्ट.

चित्रकार व्हायचं होतं, पण...

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग रंग सोडून ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले.

दुकान दोन शहरांत

त्या काळी सायकल म्हणजे एकदम नवीन टेक्नॉलॉजी. दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली, मागच्या चाकाला चेन जोडलेली रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये १८८५ ला आली होती. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्येच!

लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत. रामुअण्णा त्या विकत, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. ज्याने आयुष्यात सायकल पाहिलीच नाही, तो ती विकत कशाला घेईल? म्हणजे वस्तूच्या आधी भरवसा विकायचा होता.

इकडे नोकरीत लक्ष्मणरावांना डावलून बढती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं.

नांगर तयार, पण गिऱ्हाईक नाही

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती वरवर फाडतो. लोखंडी नांगराचा वाकवलेला पत्रा माती उचलून पलटी करतो, त्यामुळे तणाची मुळं उघडी पडून उन्हात वाळतात. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याशी झगडलेल्या माणसाला याचा फायदा वेगळा सांगायला नको.

तरी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली. इंजिनिअर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं: मशीन बरोबर होतं, ड्रॉइंग बरोबर होतं, तरी माल पडून होता. एखादं ॲप कितीही भारी बनवा, लोकांची भीती गेली नाही तर ते कोणी इन्स्टॉल करत नाही. तसंच हे.

पुढे नगरपालिकेने वस्ती वाढवायला कारखान्याची जागा मागितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० मध्ये त्या माळावर कारखाना आणि कामगारांचं गाव उभं राहिलं. तेच आजचं सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. नंतर पंप, इंजिन, मोटारी असा पसारा वाढला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

बाईक घेताना याचा काय उपयोग?

आता आपल्याकडची पोरं पांदण रस्त्यावर चालेल अशी छोटी ऑफ-रोड बाईक शोधतात. उंच ग्राउंड क्लिअरन्स, गाठीचे टायर, लांब सस्पेन्शन हे सगळं यूट्यूबवर दिसतं. पण डीलरकडे गेलात तर रामुअण्णांची कसोटी लावा. तो टेस्ट राईड देतो का? खडबडीत रस्त्यावर कशी चालवायची ते दाखवतो का? क्लच प्लेट किंवा लिव्हर तुटला तर पार्ट किती दिवसांत येईल?

आणि नंबर प्लेटबद्दल नक्की विचारा. कावासाकी केएलएक्स ११० सारख्या गाड्या फक्त ट्रॅकसाठी असतात, त्यांचं आरटीओ रजिस्ट्रेशन होत नाही. म्हणजे शोरूममधून ती चालवत मोताळ्याला आणताच येणार नाही. जो डीलर हे पैसे घेण्याआधी सांगतो, त्याच्याकडूनच गाडी घ्या.