हर्मान हेल्महोल्ट्झ

बाभळीचा काटा पायात रुतला की आपण तत्क्षणी कळवळतो. पायापासून मेंदूपर्यंत संदेश जाण्यास वेळ लागत असेल, हे मनातही येत नाही. हा वेळ कधी मोजता येईल, असे योहानेस म्यूलर या थोर शास्त्रज्ञासही वाटत नव्हते. पुढे त्याच्याच शिष्याने तो मोजला.

हा शिष्य म्हणजे हर्मान हेल्महोल्ट्झ. १८२१ साली प्रशियातील पॉट्सडॅम येथे एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. ओढा पदार्थविज्ञानाकडे, परंतु घरची स्थिती बेताची. म्हणून सरकारी खर्चाने वैद्यक शिकून त्याने लष्करात नोकरी पत्करली. १८४९ मध्ये तो कोनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाला.

तेथे त्याने बेडकाच्या पायाचा स्नायू व त्यास जोडलेला मज्जातंतू घेतला. तंतूस विजेचा झटका देताच एक विद्युत्प्रवाह सुरू होई आणि स्नायू आकसताच तो तुटे. तेवढ्या अवधीत चुंबकसूची किती हलली, यावरून वेळ काढावयाचा! पत्नी ओल्गा आकडे टिपून घेई. प्रथम स्नायूजवळ झटका दिला, मग दूर. दोन वेळांत फरक पडला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडासाच अधिक. संदेशाचा वेग ठरला सेकंदास सुमारे २७ मीटर. वडिलांना हे पटेना. विचार व कृती एकाच क्षणी घडतात, असे ते मानीत. हेल्महोल्ट्झने मात्र पुढे माणसांवरही मोजमापे केली.

१८९४ मध्ये तो निवर्तला. आज बहिऱ्या बालकांच्या अंतर्कर्णात जे विद्युत्‌यंत्र बसवितात, ते मज्जातंतूस झटका देते व तंतूचे उत्तरही मोजते. आवाज फार मोठा वाटतो की लहान, हे तान्ह्या मुलास सांगता येत नाही. त्या उत्तराच्या आधारे डॉक्टर झटक्याचे प्रमाण ठरवितात.