घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं? : मार्गारेट मोर्स नाइस यांची गोष्ट

बाल्कनीत टांगलेल्या लाकडी खोक्यात चिमणीने घर केलं की साधारण दोन आठवडे आतून चिवचिवाट ऐकू येतो. मग एका सकाळी एकेक पिल्लू तोंडाशी येतं, बाहेर डोकावतं आणि उडी टाकतं. कुणी समोरच्या तारेवर पोहोचतं, कुणी थेट जमिनीवर येतं. त्या क्षणी बघणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हे पिल्लू पडलं की निघालं? आणि आता ते जगेल का?

या प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं घरट्यापाशी बसून ज्यांनी शोधली, त्यांत मार्गारेट मोर्स नाइस यांचं नाव फार वरचं आहे. त्यांच्याकडे ना विद्यापीठातली नोकरी होती, ना प्रयोगशाळा, ना पीएचडी.

पीएचडी सुटली, पक्षीही सुटले

मार्गारेट यांचा जन्म ६ डिसेंबर १८८३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ॲमहर्स्ट गावी झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक होते. लहानपणापासूनच मार्गारेट पक्ष्यांच्या नोंदी करत. माउंट होल्योक कॉलेजातून १९०६ साली पदवी घेतल्यावर त्या क्लार्क विद्यापीठात गेल्या. तिथे त्यांनी बॉबव्हाइट नावाचा लाव्यासारखा पक्षी काय काय खातो याचा अभ्यास सुरू केला.

१९०९ मध्ये ब्लेन नाइस यांच्याशी लग्न झालं आणि पीएचडीचा विचार मागे पडला. १९१३ मध्ये पतीला ओक्लाहोमा विद्यापीठात नोकरी मिळाली आणि कुटुंब नॉर्मन गावात आलं. पाच मुली झाल्या. घरकामात पक्षी जवळपास सुटलेच. पण निरीक्षणाची सवय सुटली नाही. मुली बोलायला कशा शिकतात, कोणते शब्द कधी वापरतात, याच्या नोंदी ठेवून त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिले.

होल्यांच्या पिल्लांनी परत आणलं

१९१९ च्या ऑगस्टमध्ये एका बातमीने त्यांना हलवलं. होल्यांच्या शिकारीचा हंगाम लवकर सुरू करावा, कारण तोवर पिल्लं घरट्यातून उडालेली असतात, असा दावा त्यात होता.

हे खरं आहे का? मार्गारेट यांनी वाद घालण्याऐवजी घरटी मोजायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्येही होल्यांची पिल्लं घरट्यात होती. काही तर ऑक्टोबरपर्यंत. आईबाप मारले गेले असते तर ती उपाशी मेली असती. पिल्लू घरटं कधी सोडतं हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, त्यावर कायदा ठरू शकतो, हे यातून दिसलं. पुढे १९२४ मध्ये नाइस दांपत्याने ओक्लाहोमाच्या पक्ष्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं.

नदीकाठची पडीक जमीन

१९२७ मध्ये कुटुंब ओहायो राज्यातल्या कोलंबसला आलं. पाच मुलींपैकी एलेनॉर लहान वयातच न्यूमोनियाने गेली. त्या दुःखाच्या काळात घराजवळची ओलेंटँजी नदीकाठची जमीन मार्गारेट यांचा आधार झाली. दोन पुलांच्या मधली ही झाडाझुडपांनी भरलेली जागा. तिचं नाव त्यांनी ठेवलं इंटरपॉन्ट.

तिथे साँग स्पॅरो भरपूर होते. आपल्या घरातली चिमणी ती ही नव्हे. हा तपकिरी रेघांचा गाणारा पक्षी जमिनीवर किंवा बुटक्या झुडपात घरटं करतो. दिसायला सगळे सारखे, मग कोण कुणाचं हे कळणार कसं? १९२८ पासून मार्गारेट यांनी पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालायला सुरुवात केली. रंगांची जुळणी पाहून लांबूनही पक्षी ओळखता येई.

आता प्रत्येकाची कुंडली तयार होऊ लागली. कोणाची जोडी कोणाशी, पिल्लं किती, त्यातली पुढच्या वर्षी परत किती आली. त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध नर म्हणजे ‘४ एम’. १९३५ च्या मे महिन्यात त्यांनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसून त्याची गाणी मोजली. एका दिवसात २३०५.

पिल्लू उडण्याआधीच घरटं सोडतं

साँग स्पॅरोचं पिल्लू साधारण दहाव्या दिवशी घरटं सोडतं. पण नीट उडता येतं ते सतराव्या दिवसाच्या आसपास. मधला आठवडा ते झुडपात दडून राहतं, आवाज देतं आणि आईबाप शोधून चारा भरवतात. स्वतःचं पोट भरायला त्याला २८ ते ३० दिवस लागतात. तोवर मादी अनेकदा पुढच्या घरट्याच्या तयारीला लागलेली असते आणि आधीची पिल्लं बाप सांभाळतो.

म्हणजे घरटं सोडणं हा वाढीचा शेवट नाही, मधला टप्पा आहे. उडता न येणारं पिल्लू बाहेर पडतं कारण उघड्या घरट्यात थांबणं जास्त धोक्याचं असतं. साप, मांजर किंवा कावळ्याला घरटं सापडलं तर सगळी पिल्लं एकदम जातात. विखुरली तर एखादं तरी वाचतं.

हे काम १९३७ आणि १९४३ साली दोन भागांत प्रसिद्ध झालं. त्याआधी अर्न्स्ट मायर यांच्या ओळखीतून ते जर्मन नियतकालिकात छापून आलं होतं. १९३८ मध्ये मार्गारेट विल्सन ऑर्निथॉलॉजिकल क्लबच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या पक्षिशास्त्रीय संस्थेचं अध्यक्षपद मिळालेल्या त्या पहिल्या महिला. तरीही लोक त्यांना पक्ष्यांची आवड असलेली गृहिणी म्हणत. हे त्यांना खपत नसे. आपण प्राणिशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या संशोधक आहोत, हे त्या ठणकावून सांगत.

१०० अंड्यांचा हिशेब

१९५७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी अनेक अभ्यासकांचे आकडे एकत्र केले. उघड्या घरट्यांत घातलेल्या १०० अंड्यांपैकी सरासरी ४६ पिल्लं घरट्याबाहेर पडेपर्यंत जगत होती. ढोलीत किंवा खोक्यात हाच आकडा ६६ होता.

बंद जागेत पाऊस आणि शत्रू दोन्हींपासून बचाव होतो. म्हणूनच ढोलीत वाढणारी पिल्लं जास्त दिवस आत थांबतात आणि बाहेर येताना बरीच तयार असतात. बाल्कनीतल्या खोक्याचं मोल यात आहे. पण हा हिशेब घरट्याच्या तोंडापर्यंतचाच. बाहेरचे पहिले काही दिवस सगळ्यांनाच जड जातात.

मार्गारेट यांचं २६ जून १९७४ रोजी शिकागोत निधन झालं.

मग जमिनीवर पिल्लू दिसलं तर?

आधी त्याचे पंख बघा. अंगावर पिसं आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर बहुतेक ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. आईबाप जवळच असतात, पण आपण उभे राहिलो तर खाली येत नाहीत. मांजर-कुत्रं आत घ्या, पिल्लू रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. पिसं नसलेलं, उघडं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. घरटं सापडलं तर ते परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.

खोक्यातली पिल्लं मोठी झाली की झाकण उघडून बघायचा मोहही टाळा. घाबरून ती वेळेआधी उडी टाकतात.