कै. गणेश वासुदेव मावळंकर

मंडळीच्या पंचांपुढे तंटा आला म्हणजे आमच्या माजलगाव तालुक्यात पहिला प्रश्न निघतो तो हा, की पंच कोणाच्या बाजूचा? हाच प्रश्न ज्यांच्या वाट्यास वर्षानुवर्षे आला, अशा एका वकिलाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु तोंड पाहून न्याय करू नये हे शास्त्रवचन त्यांच्या आचरणात होते.

दादासाहेब मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील. मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उतरून त्यांनी १९१३ साली अहमदाबादेस वकिली आरंभिली. धंदा चांगला चालला असता असहकारितेच्या चळवळीत त्यांनी तो बाजूस ठेविला. पुढे अनेकदा तुरुंगवास घडला. तेथे खुनी व दरोडेखोर यांच्याशी त्यांनी मनुष्य या नात्याने संभाषण केले व त्यांच्या कहाण्या गुजराती भाषेत लिहून प्रसिद्ध केल्या. बंदिवानास भेटावे असे आपणही उपदेशितो; पण त्याचे बोलणे ऐकून घेणारे किती?

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, ते अवघ्या ३ मतांनी, ६६ विरुद्ध ६३. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या लोकांनीही मत दिले, आणि त्यातून झालेल्या लोकसभेने १९५२ च्या मे महिन्यात दादासाहेबांस आपले पहिले सभापति निवडले.

सरकार त्यांच्याच पक्षाचे. तरी सभागृहास वगळून वटहुकूम काढण्याची सवय बरी नव्हे, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंस लिहून कळविले. इतके असूनही डिसेंबर १९५४ मध्ये विरोधी सभासदांनी पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांस दूर करण्याचा ठराव आणिला. चर्चेच्या वेळी खुर्चीवर उपसभापति बसले होते. आपल्या सभासदांनी पक्षाच्या हुकमाने नव्हे तर मनास पटेल तसे मत द्यावे, असे नेहरूंनी सांगितले. ठराव फेटाळला गेला. आरोप सर्वस्वी निराधार होता की काय, याविषयी आम्ही निवाडा देत नाही. परंतु सभापतीवरील आरोपाची उघड चौकशी सभागृहातच व्हावी, ही रीत आमच्या मंडळ्यांनी अवश्य घेण्याजोगी आहे.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी सभापतिपदावर असतानाच दादासाहेब अहमदाबादेस निवर्तले. त्यांच्या रिकाम्या जागी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून आल्या.