विश्लेषण : सांगाडा एक, गाड्या अनेक! लक्झरी सेडानचे गणित मांडणारे आल्फ्रेड स्लोन कोण होते?

टोयोटा कॅमरी आणि लेक्सस ईएस या दोन सेडान शेजारी उभ्या केल्या, तर त्या वेगवेगळ्या घरांतल्या वाटतात. नाव वेगळे, शोरूम वेगळी, किंमतही वेगळी. प्रत्यक्षात २०१८ मध्ये आलेली लेक्सस ईएस आणि त्या पिढीतली कॅमरी एकाच जीए-के प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत. जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहातही हेच चालते. ऑडी ए३ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया यांचा पाया एमक्यूबी हाच आहे. मग महागड्या गाडीसाठी ग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो, ते नेमके कशाचे?

हा प्रश्न आजचा नाही. तो सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधणारा माणूस एक इंजिनीअर होता. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड पी. स्लोन यांनी भाग वाटून घ्यायचे पण गाड्या वेगळ्या ठेवायच्या, ही पद्धत बसवली. तिचे फायदे काय झाले आणि तिची किंमत कोणी मोजली, हे त्यांच्या आयुष्यातून समजून घेता येते.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमके काय?

गाडीचा वरचा, दिसणारा भाग बाजूला ठेवला तर जो पाया उरतो, तो ढोबळमानाने प्लॅटफॉर्म. त्यात फ्लोअर, चाकांची आणि इंजिनाची जागा, सस्पेन्शनची जोडणी आणि स्टिअरिंगची मांडणी येते. स्लोन यांच्या काळात प्लॅटफॉर्म हा शब्द या अर्थाने रूढ नव्हता. तेव्हा लोखंडी चासीवर वेगळी बॉडी बसवली जाई, त्यामुळे वाटून घेण्याची चर्चा चासी आणि बॉडी यांचीच होती.

यामागे पैशाचे साधे गणित आहे. पत्रा दाबून बॉडी बनवणारे साचे, म्हणजे डाय, अतिशय महाग असतात. समजा, साच्यांना १० कोटी रुपये लागले आणि त्यातून १० हजार गाड्या निघाल्या, तर प्रत्येक गाडीवर १० हजार रुपयांचा बोजा पडतो. त्याच साच्यांतून एक लाख गाड्या निघाल्या, तर बोजा एक हजारावर येतो. कमी खपाच्या महागड्या गाडीला जास्त खपाच्या गाडीचे साचे वापरता आले, की कंपनीच्या हातात मोठी रक्कम शिल्लक राहते.

आल्फ्रेड स्लोन मोटार व्यवसायात कसे आले?

स्लोन यांचा जन्म २३ मे १८७५ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे झाला. वडील चहा-कॉफीचे व्यापारी. पाच भावंडांत आल्फ्रेड थोरले. पुढे कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला आले. आल्फ्रेड यांनी एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी १८९५ मध्ये, विशीतच मिळवली.

पहिली नोकरी न्यू जर्सीतील हायट रोलर बेअरिंग या छोट्या कंपनीत होती. सेल्युलॉइडमुळे नाव झालेल्या जॉन हायट यांची ही कंपनी. तिचे बेअरिंग चांगले होते, पण हिशेब कायम तोट्यात. कंपनी बंद पडायच्या बेतात असताना स्लोन यांचे वडील आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पाच हजार डॉलर घातले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. तरुण स्लोन यांनी तेवढ्या काळात कंपनी नफ्यात आणली. १८९८ मध्येच त्यांचे आयरीन जॅक्सन यांच्याशी लग्न झाले. या दांपत्याला मूल नव्हते. कारखाना हेच स्लोन यांचे विश्व राहिले.

मोटारींचा धंदा तेव्हा नुकता सुरू होत होता. ओल्ड्स, फोर्ड, कॅडिलॅक असे ग्राहक मिळत गेले. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी मात्र स्लोन यांना एक धडा दिला. हायटच्या बेअरिंगची मापे ठरलेल्या मर्यादेत नाहीत म्हणून त्यांनी माल नाकारला आणि मायक्रोमीटरच्या मोजमापासह फरक समोर ठेवला. प्रत्येक नग दुसऱ्या नगासारखाच हवा, हा लेलंड यांचा आग्रह. १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले गेले. त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडून त्या ट्रॅकवर ५०० मैल पळवण्यात आल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बिनदिक्कत बसतो, हे सिद्ध झाले. भाग वाटून घेण्याच्या कल्पनेचा पाया हाच. आधी एकाच मॉडेलच्या तीन गाड्यांत भाग अदलाबदल करता आले, पुढे वेगवेगळ्या ब्रँडमध्ये.

जनरल मोटर्समध्ये काय बिघडले होते?

१९१६ मध्ये जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी १ कोटी ३५ लाख डॉलरना हायट विकत घेतली आणि सुट्या भागांच्या कंपन्यांच्या नव्या समूहाचे प्रमुखपद स्लोन यांना दिले. १९१८ मध्ये तो समूह जनरल मोटर्समध्ये विलीन झाला. ड्युरंट धडाडीचे होते, पण हिशेबाकडे त्यांचे लक्ष नसे. १९२० च्या मंदीत कंपनी गाळात गेली. ड्युरंट यांना बाहेर पडावे लागले आणि पिअर द्यू पाँ अध्यक्ष झाले. कंपनीची रचना कशी असावी, याचा स्लोन यांनी आधीच करून ठेवलेला आराखडा द्यू पाँ यांनी स्वीकारला.

१९२१ मध्ये बाजारातल्या निम्म्याहून अधिक गाड्या एकट्या फोर्डच्या होत्या. जनरल मोटर्सचा वाटा सुमारे १२ टक्के. कंपनीकडे ब्रँड बरेच होते, पण ते एकमेकांचेच ग्राहक ओढत होते. ब्युइक आणि कॅडिलॅक सोडले तर सगळे तोट्यात. स्लोन यांनी ४५० ते ३,५०० डॉलर या टप्प्याचे सहा भाग पाडले आणि प्रत्येक भागात एकच गाडी, असा नियम घातला. खाली शेव्हर्ले, वर कॅडिलॅक. कमाई वाढेल तसा ग्राहकाने एकेक पायरी चढावी, पण कंपनीबाहेर जाऊ नये, अशी ही शिडी होती. मे १९२३ मध्ये स्लोन अध्यक्ष झाले.

सगळेच वाटून घेता येत नाही, हेही त्याच सुमारास दिसले. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पट्ट्या बसवलेले नवे इंजिन शेव्हर्ले आणि ओकलंड या दोन्ही ब्रँडवर बसवण्याचा वरिष्ठांचा आग्रह होता. ब्रँडचे इंजिनीअर साशंक होते आणि स्लोन यांनाही घाई मान्य नव्हती. अखेर रस्त्यावर गेलेल्या शेव्हर्ले गाड्या १९२३ मध्ये परत मागवाव्या लागल्या. न पारखलेला भाग सगळीकडे बसवला तर दोषही सगळीकडे पोहोचतो. आज एकाच सुट्या भागामुळे अनेक मॉडेल परत मागवली जातात, त्याचे कारणही हेच.

पाँटिॲकने काय सिद्ध केले?

शेव्हर्ले आणि ओल्ड्समोबाइल यांच्या किमतीत मोठी फट होती. तिथे नवी गाडी हवी होती, पण पूर्ण नवे साचे परवडणारे नव्हते. मग शेव्हर्लेची चासी आणि बॉडीचे भाग घेऊन त्यावर सहा सिलिंडरचे इंजिन बसवले गेले. जानेवारी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ८२५ डॉलरची पाँटिॲक आली. शेव्हर्लेत तेव्हा चारच सिलिंडर होते, त्यामुळे फरक गाडी सुरू करताच जाणवे. पहिल्याच वर्षी ७६ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ज्या ओकलंड ब्रँडची जोडगाडी म्हणून ती आणली, तो ब्रँडच १९३१ मध्ये बंद झाला आणि पाँटिॲक टिकली.

दुसरीकडे, एकाच मॉडेलवर अडून बसलेल्या हेन्री फोर्ड यांना मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली. पुढची मॉडेल ए डिसेंबरमध्येच आली. त्या मधल्या काळात ग्राहक शेव्हर्लेकडे वळले.

लक्झरी गाड्यांची ओळख कशी टिकवली?

पाया एक असेल तर वेगळेपण डोळ्यांना दिसले पाहिजे, हे स्लोन यांनी ओळखले. हार्ले अर्ल या डिझायनरने रेखाटलेली ला साल ही गाडी १९२७ मध्ये कॅडिलॅकच्या एक पायरी खाली आणली गेली. ती पसंत पडताच स्लोन यांनी अर्ल यांच्यासाठी डिझाइनचा स्वतंत्र विभागच उघडला. गाडीचे रूप दरवर्षी बदलण्याची प्रथाही याच काळात रुजली. चांगली चालणारी गाडी जुनी वाटायला लावण्याची ही युक्ती आहे, अशी टीका तिच्यावर पुढे सतत होत राहिली.

तिशीच्या दशकात कंपनीच्या बॉड्या ए, बी, सी अशा मोजक्या आकारांत बसवल्या गेल्या. १९४० ची सी-बॉडी हे त्याचे उत्तम उदाहरण. कॅडिलॅक सिरीज ६२, ला साल सिरीज ५२, ब्युइक सुपर आणि रोडमास्टर, ओल्ड्समोबाइल ९० आणि पाँटिॲक टॉर्पेडो या सगळ्यांचा मूळ आकार एकच होता. पण कॅडिलॅकमध्ये तिचे स्वतःचे व्ही-८ इंजिन होते, तर ब्युइकमध्ये एका रांगेतले आठ सिलिंडर. नाक, ग्रिल, आतली सजावट आणि चालवण्याचा अनुभव प्रत्येकीचा वेगळा. छताचा पत्रा कुठून आला, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नसे.

या बचतीची किंमत कोणी मोजली?

कोणता भाग सगळ्यांना द्यायचा आणि कोणता वरच्या पायरीसाठी राखून ठेवायचा, हा निर्णय स्लोन नफ्याच्या ताळेबंदावर घेत. १९२९ मध्ये कॅडिलॅक आणि ला सालला न फुटून विखुरणारी सुरक्षा काच बसली. शेव्हर्लेलाही ती बसवावी, असा विषय पत्रव्यवहारात निघाला तेव्हा स्लोन यांनी खर्च आणि घटणारा नफा यांचे कारण देऊन नकार दिला. फोर्ड तोवर आपल्या स्वस्त गाडीच्या पुढच्या काचेसाठी ती वापरू लागले होते. स्लोन यांच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत जड आक्षेप आहे.

दुसरा हिशेब कामगारांनी मांडला. मोजके साचे म्हणजे कमी खर्च, तसेच मोजक्याच ठिकाणी अडकलेली अख्खी कंपनी. युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने हे नेमके हेरले. फ्लिंट येथील फिशर बॉडी क्रमांक एक या कारखान्यात ब्युइक, पाँटिॲक, ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅक यांच्या बॉडीचे मुख्य साचे होते. हे साचे बाहेर हलवले जात आहेत असे दिसताच ३० डिसेंबर १९३६ रोजी कामगार आतच बसून राहिले. एका कारखान्याने अनेक ब्रँडचे उत्पादन रोखले. स्लोन संघटनांचे कट्टर विरोधक होते. तरीही ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला संघटनेला मान्यता द्यावी लागली.

मुंबईशी काय संबंध?

स्लोन यांच्या काळात कंपनीने परदेशातही हातपाय पसरले. १९२५ मध्ये ब्रिटनची व्हॉक्सहॉल आणि १९२९ मध्ये जर्मनीची ओपेल ताब्यात आली. १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने सुटे भाग आणून गाड्या जोडणारा कारखाना सुरू केला. भारतातील मोटार जुळणीची सुरुवात तिथून मानली जाते. तो १९५४ मध्ये बंद झाला.

अखेरची वर्षे आणि नंतरची घसरण

१९३७ मध्ये स्लोन अध्यक्षपदावरून संचालक मंडळाच्या प्रमुखपदी गेले आणि १९५६ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला, एमआयटीला आणि न्यूयॉर्कमधील कर्करोग संशोधनाला दिला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर कंपनी वाटून घेणे शिकली, वेगळे ठेवणे मात्र विसरली. १९७७ मध्ये ओल्ड्समोबाइलच्या काही गाड्यांत शेव्हर्लेचे इंजिन निघाल्यावर ग्राहक थेट न्यायालयात गेले. १९८२ ची कॅडिलॅक सिमॅरॉन तर शेव्हर्ले कॅव्हेलियरच्याच सांगाड्यावर, सुरुवातीला तशाच चार सिलिंडरच्या इंजिनासह आली. लेदरच्या सीट आणि कॅडिलॅकचा बिल्ला यांपलीकडे फारसे वेगळे काही नव्हते, किंमत मात्र कितीतरी जास्त. १९८८ मध्ये ती गुंडाळावी लागली. कॅडिलॅकच्या नावाला लागलेला डाग बरीच वर्षे गेला नाही.

आजच्या ग्राहकाने काय पाहावे?

प्लॅटफॉर्म सारखा आहे म्हणजे फसवणूक झाली, असे नाही. लाखो गाड्यांवर पारखलेला पाया अनेकदा अधिक भरवशाचा असतो आणि त्याचे सुटे भागही सहज मिळतात. पाहायचे ते त्यावर काय चढवले आहे, हे. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे आहेत का, सस्पेन्शन वेगळे बसवले आहे का, केबिनमध्ये रस्त्याचा आवाज किती येतो, मागच्या सीटवर जागा किती, सेवा आणि वॉरंटी कशी आहे. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवून पाहिल्या तर यातल्या बऱ्याच गोष्टी कळतात. स्वस्त गाडी घेणाऱ्यांनी उलट बाजूने पाहावे. एअरबॅग, ब्रेकिंगची प्रणाली, बॉडीची मजबुती यांतले काही फक्त वरच्या मॉडेलसाठी राखून ठेवले आहे का, हे आधी विचारावे. शेव्हर्लेच्या ग्राहकाला १९२९ मध्ये हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.