आत घेतलं नाही? मग आपलं जाळं आपणच विणू!

रेडिट असो की कॉलेजचा टेलिग्राम ग्रुप, कुणीतरी प्रश्न टाकतो आणि खाली उत्तरांची रांग लागते. ही सवय जगाला लावणाऱ्यांपैकी एक होता जिम एलिस. तेव्हा तो तुमच्यासारखाच विद्यार्थी होता.

१९५६ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये जन्मलेला जिम १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात शिकत होता. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट तेव्हा सुरू होतं. पण ते संरक्षण खात्याच्या पैशावर चालायचं आणि त्या खात्याशी संबंधित संस्थांनाच मिळायचं. ड्यूकचा त्यात नंबर नव्हता.

जिम आणि त्याचा मित्र टॉम ट्रस्कॉट हात चोळत बसले नाहीत. युनिक्समध्ये फोनलाइनवरून एका मशीनमधली फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय नुकतीच आली होती. तीच त्यांनी पकडली. शेजारच्या चॅपेल हिल विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने पहिला कच्चा प्रोग्राम लिहिला. मशीन मशीनला फोन करायचं, नवे संदेश घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. मधे मुख्य सर्व्हर नाही, मालक तर नाहीच. हेच यूझनेट!

जानेवारी १९८० मध्ये बोल्डरला युनिक्सवाल्यांच्या परिषदेत जिमने सगळ्यांनाच आमंत्रण दिलं. दिवसाला एखाद-दुसरा संदेश येईल, हा या पोरांचा अंदाज साफ चुकला. विषयागणिक ग्रुप निघाले. १९९१ मध्ये लिनक्सची पहिली खबर जगाला इथेच कळली. परदेशातले मराठी लोकही पुढे इथल्या मराठी ग्रुपवर रोमन लिपीत गप्पा मारू लागले.

पण दार सताड उघडं ठेवलं की नको ते पाहुणेही घुसतात. १९९४ मध्ये दोन वकिलांनी हजारो ग्रुपांवर आपली एकच जाहिरात ओतली, आणि स्पॅम हा शब्द घरोघरी पोचला. हाकलणार कोण? मालकच नव्हता ना!

जिमने पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक सुरक्षा पथकात काम केलं. २००१ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, कॅन्सरने तो गेला.

आज आपल्या गप्पांच्या प्रत्येक कट्ट्याला मालक आहे. स्पॅम तो उडवतो, हे खरं. पण उद्या त्याने शटर ओढलं, तर आपल्या गप्पाही आतच राहणार. जिमच्या जाळ्याचं शटर ओढणं कुणा एकाच्या हातात नव्हतं.